हिरव्या चेहऱ्याची मरिया

२५ मार्च, नवं वर्ष

आमच्या फिरेंझे शहरात आज नवं वर्ष लागलं आणि आमच्या घरात रडकं पोर आलं. नेरीला म्हटलं, सणाच्या दिवशी आणायला दुसरं काही मिळालं नाही का तुला? तर नुसता हसतो.

सगळं लिहून ठेवते, म्हणजे उद्या "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणाला की वही नाकासमोर धरता येईल. माझा भाऊ आहे हा, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. चित्रं रंगवतो. लग्न केलं नाही. मी विधवा होऊन इथे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून त्याचे रंग वाटते, अंडी फोडते आणि त्याचं डोकं ताळ्यावर ठेवते.

तर झालं असं, की सेर बिंदो म्हणून दस्तऐवज लिहिणारे एक गृहस्थ आहेत, नाकात बोलतात. त्यांच्या मुलीचं लग्न आहे. तिच्या निजायच्या खोलीत लावायला त्यांना मरिया आणि बाळ येशूचं चित्र हवंय, आठ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिवशी. असली चित्रं नेरीने साठ तरी केली असतील. वडिलांच्या वेळचा भोकं पाडलेला कागद आहे, तो फळीवर धरायचा, कोळशाच्या पुरचुंडीने थोपटायचं, की मरिया उतरली. बाळही त्याच कागदात आहे. पण सेर बिंदो कुणाच्या तरी घरी काहीतरी बघून आलेत. म्हणे, "बाळ जिवंत पाहिजे, मास्टर नेरी. लाकडी नको."

म्हणून हा शहाणा अनाथाश्रमात गेला आणि पाच महिन्यांचं एक पोर मागून आला. बरोबर दूध पाजायला नेंचा नावाची दाई. सकाळी यायचं, संध्याकाळी परत जायचं. चित्र झालं की पोर आश्रमाला परत.

आणि पोरगी आहे! नाव ओर्सोला. संत ओर्सोलेच्या दिवशी आश्रमाच्या दारात सापडली म्हणून. मी म्हटलं, "येशूच्या जागी पोरगी? आणि मग ते कसं रंगवशील?"

"कुठलं ते?"

"ते."

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "तेवढं आठवणीनं काढता येतं, ताई."

२८ मार्च

आश्रमात पोरांना आवळून गुंडाळतात त्या कापडाच्या पट्ट्यांतून आज तिला मोकळं केलं. अगं बाई, काय ती पोर! मूठभर हाडं आणि वर दोन डोळे. पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. मी त्यावर तेल लावलं. उगीच नाही, चित्रात वळ दिसले असते म्हणून.

नेरी म्हणाला, शहरातल्या कोंबडीची अंडी आण. रंगात कालवायला तीच लागतात, शहरी अंड्याचा बलक फिका असतो. खेड्यातल्या अंड्याचा बलक तांबडा, तो म्हाताऱ्या संतांच्या आणि उन्हात रापलेल्यांच्या तोंडाला. या पोरीला तर फिका बलकही भडक पडेल.

नेंचा बडबडी आहे. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. चित्र झालं की ओर्सोलाला बाकीच्यांबरोबर डोंगरातल्या दायांकडे धाडणार. गेल्या वर्षी चौदा पोरं गेली होती. परत आली पाच.

"बाकीची?" मी विचारलं.

नेंचाने छातीवर क्रूस काढला आणि पोरीची बाजू बदलली.

१९ एप्रिल

नेंचाचा मरिया म्हणून काही उपयोग नाही. बसल्या बसल्या घोरते. दोनदा पोर मांडीवरून घसरली. शेवटी नेरी वैतागून म्हणाला, "ताई, तूच धर."

म्हणून मी धरते. फक्त धरते. खिडकीपाशी बसायचं, उजवा हात तिच्या पाठीशी, डावा तिच्या पायाखाली. खांदा भरून येतो. तिला गप्प ठेवायला काहीतरी बोलावं लागतं, म्हणून मी तिला शेजारणीच्या भानगडी सांगते. ती इतकं मन लावून ऐकते, की सांगायला हुरूप येतो. डावा कान चोळला की डोळे मिटते, हे मला आजच कळलं. नेंचाला सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

२ मे

दात! खालचा. माझ्या बोटाला लागला. नेरीला दाखवायला पळत गेले, तर त्याच्या हातातली रंगाची शिंपली सांडली. निळा रंग, सगळ्यात महागाचा. ओरडलादेखील नाही. म्हणाला, "बघू."

३० मे

मरियेच्या डोक्यामागचं सोन्याचं वलय झालं, घोटून झालं. अंगरखा झाला. तोंडांना हिरवा हात मारून झाला. सगळे असंच करतात. आधी हिरव्या मातीचा रंग, त्यावर गुलाबी चढवायचा, म्हणजे कातडीखाली जीव आहे असं वाटतं. आता हे सेर बिंदोंना कोण सांगणार? आज न सांगता उगवले.

"हे काय!" दारातच थबकले. "माझ्या मुलीच्या खोलीत कावीळ झालेली मरिया?"

"कावीळ पिवळी असते, साहेब," मी म्हटलं.

"मग सडलेली म्हणा! लग्नघर आहे आमचं!"

नेरीने समजावलं, गुलाबी चढायचाय अजून. ते नाकातून हुं हुं करत ऐकत होते. तेवढ्यात ओर्सोलाने माझ्या कडेवरून त्यांची टोपी ओढली. मला इतकं हसू आलं, की मी स्वयंपाकघरात पळाले. आत जाऊन तिच्या गालाचा मुका घेतला. पहिल्यांदाच. म्हणजे मला आठवतंय त्याप्रमाणे.

१७ जून

आश्रमात तापाची साथ आहे. तिथल्या थोरल्या बाईंनी निरोप धाडला, साथ आटोपेपर्यंत ओर्सोलाला तुमच्याकडेच निजवा. नेंचाला तिकडे आजाऱ्यांपाशी ठेवून घेतलंय, अधूनमधून येऊन बघून जाईल. शेजारची बकरी दूध देते, आणि पावाची पेज पोर आता आवडीने खाते.

कुणाला तरी करायलाच हवं ना. माझ्या पलंगाशी टोपली ठेवलीय. सारखी उठून बघते, श्वास चालू आहे ना. माझी दोन होती. दोन्ही आठवड्याच्या आत गेली. ते लिहायला ही वही नाही.

२३ जून, सान जोवान्नीच्या सणाचा आदला दिवस

सगळा गाव रस्त्यात, झेंडे, पताका, ढोल. आणि नेरी सकाळीच चांगला अंगरखा घालून कुठे तरी गेला तो दुपारी उगवला. "सोन्याचा वर्ख आणायला गेलो होतो." वर्ख काही हातात नव्हता.

जेवताना मधेच विचारतो, "ताई, तुला कधी काही मागावंसं वाटतं का गं?"

"मला? मीठ संपलंय."

"तसं नव्हे. मागावंसं, म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही. आणतो मीठ."

उन्हाने डोकं फिरलं असावं. रविवारी त्याला जुलाब देते.

४ जुलै

काय चाललंय कळत नाही. बाळाचा उजवा पाय काल पुरा झाला होता. इतका सुरेख, की अंगठा धरावासा वाटला. आज सकाळी बघते तर नेरी सुरीने तो खरवडतोय!

"अरे, काय करतोस!"

"जमला नव्हता."

साठ चित्रांत याने कधी पाय खरवडला नाही. सहा बोटं काढली होती एकदा, तीसुद्धा तशीच दिली होती धाडून.

२० जुलै

पाय तीनदा खरवडून झाला. हात दोनदा. मला आता भीती वाटायला लागलीय. वडिलांचे हात असेच गेले होते, आधी जमेना झालं, मग कापायला लागले. नुसती सुई-दोरा घेऊन गेले आणि म्हटलं, जरा ओवून दे बाबा, मला दिसत नाही. पहिल्या झटक्यात ओवला. मग हातांना काय झालंय? देवाची कृपा म्हणायची आणि गप्प बसायचं.

वर आज म्हणतो, उद्यापासून खेड्यातली अंडी आण.

"येशूच्या गालाला? तांबडा बलक? वडील असते तर टोपलीसकट डोक्यात घातली असती तुझ्या."

"तिच्याकडे बघ आणि मग सांग."

बघितलं. खरंच की. गाल कसे सफरचंदासारखे झालेत, दंडाला वळ्या पडल्यात. रोज मांडीवर घेऊन बसते मी, आणि मला दिसलंच नव्हतं. इतका आनंद झाला आणि लगेच आठवलं, चित्र झालं की हिला परत न्यायचंय. चित्र उशिरा होतंय हे एका परीने बरंच आहे असं मनात आलं. देवा, क्षमा कर. भावाचं नाव खराब होतंय आणि मी बरं म्हणतेय.

९ ऑगस्ट

साथ आटोपली. नेंचा पोरीला न्यायला आली होती. नेरीने सांगितलं, चित्र अर्धवट आहे, आताच नेलंत तर माझं काम अडेल. नेंचा लगेच "बरं" म्हणाली. वाद घातला नाही. ही बाई वाद घालत नाही म्हणजे आश्चर्यच.

ओर्सोला आता बाकाला धरून उभी राहते आणि माझ्या नावाने ओरडते. म्हणजे नाव नाही, नुसतंच ओरडते, पण माझ्याकडे बघून. नेंचा बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, एवढी शेजारणीशी भांडता. तोंड आहे ना तुम्हाला?"

"का, काय झालं?"

"नाही, आहे का तेवढंच विचारलं. नुसतं भांडायलाच वापरता वाटतं."

आगाऊ कुठली! मी तिला वाटेला लावली. पण दिवसभर डोक्यात तेच. काय म्हणायचं होतं तिला? मागायचं? कुणाकडे? मी अठ्ठेचाळीस वर्षांची. घर नेरीचं. काम करताना त्याला माशीसुद्धा खपत नाही आणि ही तर घरभर रांगते, काल त्याचे कुंचले चोखत होती. तो चांगुलपणाने गप्प आहे. त्याच्या गळ्यात मी आहे तेवढं पुरे.

आणि खरं सांगायचं तर ते कारण नाही. वहीशी काय खोटं बोलायचं. दोनदा मी देवाकडे मागितलं होतं. गुडघे फुटेपर्यंत मागितलं होतं. दोनदा दिलं आणि दोनदा नेलं. न मागता जे मांडीवर आलंय ते मागितलं की जाईल, असं वाटतं. वेडेपणा आहे. पण वाटतं.

३० ऑगस्ट

सगळं झालं. पाय, हात, निळा पदर, बाळाचे तांबूस गाल. बाळाचं ते सुद्धा, आठवणीनं. राहिला फक्त मरियेचा चेहरा. तो अजून हिरवाच. नेरी रोज त्याच्यासमोर बसतो, कुंचला उचलतो आणि खाली ठेवतो.

"वडिलांचा कागद घे की," मी म्हटलं.

"तो चेहरा या पोरीची आई वाटत नाही."

सेर बिंदो पुन्हा आले. नवऱ्याकडची माणसं आठ तारखेला चित्र बघायला येणार आहेत. "आणि ध्यानात ठेवा, मरिया नुसती सुंदर नको. तिला ठाऊक असतं, पोर आपलं राहणार नाही. ते दिसलं पाहिजे." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस शहाण्यासारखं बोलला.

ते गेल्यावर नेरीने कुंचले धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाळाचं काम संपलं, ताई. आणखी ठेवायला मला कारण सापडत नाही. शुक्रवारी पोचवून ये."

"मी?"

"तूच. मी येणार नाही."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

५ सप्टेंबर, शुक्रवार

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी तिला न्हाऊ घातलं. नवा झगा घातला, माझ्या लग्नातल्या चादरीतून शिवलेला. नेरी फळीसमोर पाठ करून बसला होता. दारात गेल्यावर मी वळून म्हटलं, "सूप चुलीवर आहे, करपवू नकोस." त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फळीकडे वळला. मला त्याचा इतका राग आला! निदान पोरीच्या डोक्यावर हात तरी ठेवायचास.

आश्रमात थोरल्या बाई मेजाशी बसल्या होत्या, समोर जाडजूड वही. नेंचाने पोरीला माझ्या हातातून घेतलं. पोर रडली नाही. तिला वाटलं, रोजचंच आहे. माझी वेणी तेवढी धरून ठेवली होती, ती बोटं मीच एकेक करून सोडवली.

थोरल्या बाई म्हणाल्या, "तिच्याबद्दल काही सांगायचंय?"

"झोपताना डावा कान चोळायला लागतो."

त्यांनी लिहून घेतलं. "आणखी काही?"

"बकरीचं दूध कोमट लागतं. गरम दिलं की थुंकते."

"आणखी?"

"पट्ट्यांत आवळून गुंडाळू नका. वळ उठतात."

"आणखी काही, बाई?"

"ढोलाला भिते. टोप्या ओढते. शेजारणीच्या गोष्टी सांगितल्या की गप्प राहते, कुठलीही शेजारीण चालते."

त्यांनी लेखणी उचलून धरली होती. माझ्याकडे बघत होत्या. नेंचाही बघत होती, ओठ गच्च मिटून. "आणखी काही?" चौथ्यांदा विचारलं त्यांनी.

"नाही," मी म्हटलं आणि बाहेर आले.

पायऱ्या उतरले. चौक ओलांडला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की मी कंबर एका बाजूला काढून चालतेय, कडेवर कुणी असल्यासारखी. तिथेच कारंज्याच्या कठड्यावर बसले आणि भर चौकात गळा काढून रडले. एका कोळणीने विचारलं, "कोण गेलं, बाई?" मी म्हटलं, "कुणी नाही. मीच देऊन आले." ती म्हणाली, "मग अजून तिथंच असेल की." आणि माशांची टोपली उचलून चालू लागली.

मी धावले. या वयात, झगा गुडघ्यापर्यंत उचलून. दाराला कडी नव्हती. थोरल्या बाई तशाच बसलेल्या, लेखणीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"एक सांगायचं राहिलं," मी म्हटलं. धाप लागली होती.

"बोला."

तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! जिची बडबड गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते तिच्या!

"मला ती हवी," मी म्हटलं. "कामाला नको. मोलकरीण म्हणून नको. माझी म्हणून हवी. देवाने पुन्हा नेली तर नेली, पण मला हवी."

नेंचा तोंडात पदर कोंबून रडायला लागली. थोरल्या बाईंनी लेखणी टेकवली आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "जूनपासून वाट बघतेय मी."

मग कळलं. सान जोवान्नीच्या आदल्या दिवशी नेरी चांगला अंगरखा घालून इथेच आला होता, पोर मागायला. बाईंनी परत धाडला. आश्रमाचा नियम आहे. पुरुष येऊन पोरी मागून नेतात, घरातल्या बाईला त्या नको असतात आणि मग पोरींचे हाल कुत्रा खात नाही. म्हणून घरातल्या बाईने स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडाने मागायचं. तिला कुणी सुचवायचं नाही, पढवायचं नाही. कुणी पढवलं असं कळलं तर पोर मिळत नाही. नेरीला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

"त्याने विचारलं, वेळ किती आहे," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, तुमचं चित्र होईपर्यंत."

अडीच महिने! अडीच महिने तो माणूस झालेले पाय खरवडत होता आणि मी त्याला जुलाब देत होते.

घरी आले तेव्हा ओर्सोला माझ्या खांद्यावर झोपली होती. वाटेवरच ठरवलं होतं त्याला काय काय बोलायचं ते. गाढवापासून सुरुवात करणार होते. आत शिरले तर सूप करपल्याचा वास, नेरी स्टुलावर बसलेला, दाढीला गुलाबी रंग, अंड्यांची टरफलं पायाशी. त्याने आधी माझ्या खांद्याकडे बघितलं. मग तळवे डोळ्यांवर दाबून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी काय बोलणार होते ते विसरले. जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग चित्र दिसलं. मरियेचा चेहरा पुरा झाला होता. ओला होता अजून. तरुण मुलीचा नव्हता. डोळ्यांपाशी बारीक रेघा, ओठ घट्ट, काहीतरी साधंसंच बोलून निघालेली बाई, जिला पोर खाली ठेवायचंय आणि ठेववत नाही. सेर बिंदोंनी मागितलं होतं ते सगळं त्यात होतं. मला बघवेना आणि नजरही काढवेना.

"मी अशी दिसते?" मी विचारलं.

"सकाळी दारात दिसलीस," तो नाक पुसत म्हणाला. "तू परत यायच्या आत उरकायचं होतं, ताई. पोर घेऊन आल्यावर तो चेहरा मला कुठे मिळाला असता?"